हजार बिड्यांमागे

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या तालुक्यांतल्या जुन्या बिडी वस्त्यांमध्ये घरातले कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले असतात. रेशनकार्ड, आधार, असलाच तर सातबाराचा उतारा, पोरांचे शाळेचे दाखले. आणि तळाशी कडा झिजलेलं, फोटो चिकटवलेलं एक कार्ड. फोटो बहुतेक वेळा बाईचा. लोक त्याला बिडी कार्ड म्हणतात. वर्षभर ते पडून असतं. शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की पिशवी उलटी होते आणि कार्ड वर येतं.

त्या कार्डावर कोणाचं नाव आहे, यावर घरातल्या मुलामुलींना वर्षाकाठी काही रुपये मिळणार की नाही हे ठरत आलं. रक्कम मोठी नव्हती. पण ती येत होती त्याच बाईनं बांधलेल्या बिडीवर बसवलेल्या एका लहानशा करातून. आयकराचा फॉर्म ज्या घरानं कधी पाहिला नाही, त्या घराला मुलांच्या शिक्षणासाठी करातून पैसा मिळावा, अशी आपल्या देशातली ही मला सर्वांत मोलाची वाटणारी व्यवस्था. तिला पात्र कोण, हे ठरवण्याआधी सरकारला, मालकाला आणि न्यायालयाला एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं: घरात बसून बिडी बांधणारी बाई कामगार आहे की नाही? त्या उत्तराला एक अख्खी पिढी गेली.

गोंदियाला बिडी आली ती रेल्वेमुळे. बंगाल-नागपूर रेल्वेची मोठी लाइन इथून गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन निघाली, आणि तांदळाच्या मुलखातलं हे गाव जंक्शन झालं. बालाघाट, देवरी, गडचिरोलीच्या जंगलातला तेंदूपत्ता इथं उतरायचा. गुजरातेत चरोतरच्या शेतात पिकलेली तंबाखू पोत्यांतून यायची. तिच्या मागोमाग पटेल व्यापारी आले. छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी हे नाव गोंदियाच्या बिडीशी तेव्हापासून जोडलं गेलं. पान होतं, तंबाखू होती, भांडवल होतं. चौथी गोष्ट म्हणजे हात, आणि ते पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत भरपूर होते. इथलं पीक एकच, धानाचं. रोवणा झाला की थोडी उसंत, कापणी-मळणी झाली की पुढचे कित्येक महिने हाताला काम नाही. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या काठी एखादं दुसरं पीक निघायचं, पण भूमिहीन घराला त्याचा काय उपयोग? उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडके मोजून द्यायचे आणि उरलेलं वर्ष बिडी बांधायची, हाच अनेक घरांचा संसार होता. महार वस्त्यांमधली कितीतरी घरं यावर जगली.

मध्य प्रांतातल्या या कामगारांना संघटित करणाऱ्यांत पहिलं ठळक नाव कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांचं. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण ठेकेदाराच्या कचाट्यातून बिडी मजूर सुटावा म्हणून त्यांनी संघटना बांधली, सहकारी पद्धतीनं काम करून पाहिलं, हे कमी जणांना ठाऊक असतं. १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांना आणखी वीस वर्षं मिळाली असती तर पुढची कहाणी वेगळी झाली असती, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

बिडी बांधण्याचं काम दिसायला सोपं. पानं रात्री भिजवून ठेवायची, सकाळी फडक्यात गुंडाळून मऊ राहू द्यायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरून गुंडाळी करायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. पंचवीस बिड्यांचा कट्टा. सराईत हात दिवसाला आठशे-हजार बिड्या बांधतो, पण मान वर न करता. म्हणून घरातले सगळे हात कामाला लागतात. सासू पानं कापते, आई गुंडाळते, आणि मुडपायला पोरांची बोटं येतात. लहान बोटांना ते काम छान जमतं. शाळेत न जाण्याचं कारण घरातच, सुपाच्या बाजूला बसलेलं असायचं.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९३१ मध्ये शाही श्रम आयोगानं बिडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या लहान मुलांची नोंद केली. १९३८ च्या बालमजुरीविषयक कायद्याच्या परिशिष्टात बिडी बांधण्याचं काम घातलं गेलं. पण त्यातच एक पळवाट होती: घरच्या माणसांच्या मदतीनं चालणाऱ्या जागेला तो लागू नव्हता. कारखान्यावर तपासणी व्हायची, घरावर नाही. काम कारखान्यातून घरी सरकत गेलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

१९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारनं एक वेगळाच कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, म्हणून ठरावीक गावांत ठरावीक महिने बिडी बनवायलाच बंदी. गोंदिया तेव्हा याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होतं. सागर जिल्ह्यातल्या एका आदेशाविरुद्ध कारखानदार आणि एक कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी लिहिलेला हा निकाल नव्या राज्यघटनेतल्या व्यवसाय स्वातंत्र्यावरचा पायाभूत निकाल म्हणून आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. बंदी अवाजवी ठरली, कायदा रद्द झाला.

त्या निकालात एक जागा आहे, तिथं माझं मन थांबतं. गावात अपंग, म्हाताऱ्या बाया आणि मुलं अशी माणसं असतात, त्यांना शेतीवर मजुरी करता येत नाही; ही बंदी त्यांचीही रोजीरोटी काढून घेते, असा मुद्दा न्यायालयानं मान्य केला. युक्तिवाद म्हणून तो बरोबर होता. पण मुलं त्या यादीत किती सहज बसली! बिडीवर जगणाऱ्या घरात मुलांच्या बोटांची कमाई ही घराची कमाई आहे, हे कोणी विशेष मानलंच नव्हतं. ती बोटं सुपापासून पाटीकडे वळवायची तर त्या कमाईची भरपाई कोणीतरी करायला हवी, हा विचार यायला अजून पंचवीस वर्षं होती.

भरपाई द्यायची म्हटलं की प्रश्न यायचा: कोणाला? कामगाराच्या मुलांना. मग कामगार कोण?

इथं मालकांची बाजू पक्की होती. त्यांचा व्यवहार सट्टेदाराशी. सट्टेदार कारखान्यातून पान आणि तंबाखू उचलायचा, गावोगावच्या घरांत वाटायचा, बांधलेल्या बिड्या गोळा करून आणायचा. घरची बाई मालकाच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. ती कधी बसते, कधी उठते, कोणाच्या मदतीनं बांधते, मालक विचारत नाही. मग ती त्याची नोकर कशी? १९५८ मध्ये, पुन्हा चिंतामणराव याच नावाच्या दुसऱ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सट्टेदार आणि त्यांची माणसं कारखाना कायद्याखालचे कामगार नाहीत असं ठरवलं. सट्टेदार स्वतंत्र ठेकेदार ठरला. त्याच्या पलीकडच्या घराचा तर प्रश्नच आला नाही. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातून मात्र वेगळं उत्तर आलं. बिर्दीचंद शर्मा खटल्यात, कारखान्यात येऊन बसणारे पण येण्याजाण्याच्या वेळा स्वतःच ठरवणारे बिडी कामगार हे कामगारच आहेत, त्यांना पगारी रजा मिळाली पाहिजे, असा निकाल १९६० च्या अखेरीस लागला. आणि पाठोपाठच शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमतानं जवळपास उलट भूमिका घेतली गेली. एकच सूप, एकच कात्री, एकच हजारी दर. पण कोणत्या खटल्यात उभे आहात यावर तुम्ही कामगार की नाही हे ठरायचं.

ही कोंडी फोडायला संसदेनं १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानं घरी बसून, मालकानं किंवा ठेकेदारानं दिलेल्या मालावर काम करणाऱ्यालाही ‘कर्मचारी’ म्हटलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. मालक लगेच न्यायालयात गेले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा टिकवला.

आणि मग ‘छाट’. हा शब्द बिडीच्या प्रत्येक घरात माहीत आहे. हजार बिड्या घेऊन बाई केंद्रावर जाते, तपासनीस हातानं चाळतो, ही सैल, ही आखूड, हिचं पान फाटकं, म्हणत काही बाजूला टाकतो. त्या छाट. त्यांचे पैसे नाहीत. कितीतरी वेळा छाट केलेला मालही परत मिळत नाही. छाटीवरून भांडणं झाली, मोर्चे निघाले, नियमांत छाटीची मर्यादा घालावी लागली. या छाटीनंच शेवटी घरच्या बाईच्या बाजूनं साक्ष दिली. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न होता. मालकांचं म्हणणं नेहमीचं: घरी काम करणाऱ्यांवर आमचं नियंत्रण नाही. न्यायमूर्ती रघुनंदन स्वरूप पाठक यांनी त्याला उत्तर दिलं. माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचं कामावर नियंत्रण आहे. घरी बसून बांधणाऱ्याही कर्मचारीच. जी छाट आयुष्यभर बाईच्या मजुरीतून कापली गेली, तीच तिच्या कामगार असण्याचा पुरावा झाली.

दरम्यान करही आला होता. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, संसदेनं बिडी कामगारांसाठी एकाच वेळी दोन कायदे केले. एक कल्याण उपकराचा, दुसरा त्या उपकरातून उभ्या राहणाऱ्या कल्याण निधीचा. कल्पना नवी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खातं सांभाळत होते तेव्हा, १९४४ मध्ये, कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी असा निधी सुरू झाला होता. मालावर थोडा कर बसवायचा, तो वेगळा काढायचा, आणि त्या मालामागे राबणाऱ्यांच्या दवाखान्यावर, घरावर, मुलांच्या शिक्षणावर खर्चायचा. खाणीसाठी हे सोपं होतं, खाणीचा कामगार खाणीत सापडतो. बिडीचा कामगार हजारो घरांत विखुरलेला. म्हणूनच १९६६ च्या त्या वाक्याशिवाय १९७६ चा निधी बिनपत्त्याचं पाकीट ठरला असता.

सुरुवातीला उपकर बिडीवर नव्हता, बिडीसाठी उचललेल्या तंबाखूवर होता. तंबाखूवर केंद्राचं उत्पादन शुल्क होतंच, त्याच्याबरोबर हाही वसूल व्हायचा. पण १९७९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचं उत्पादन शुल्कच काढून टाकलं. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं गेलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या यंत्रणेच्या खांद्यावर बसून उपकर येत होता, ती यंत्रणाच राहिली नाही. निधीचा झरा आटला. कायदा दुरुस्त होऊन तयार बिडीवर उपकर सुरू व्हायला १९८२ चा जानेवारी उजाडला. दर ठरला हजार बिड्यांमागे १० पैसे.

१० पैशांत काय होतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एका बाईनं दिवसाला हजार बिड्या बांधल्या आणि वर्षात अडीचशे दिवस काम मिळालं, तर अडीच लाख बिड्या झाल्या. त्यांच्यावरचा उपकर वर्षाला २५ रुपये. पुढे दर टप्प्याटप्प्यानं वाढत हजारामागे ५ रुपयांवर गेला. त्या दरानं त्याच बाईच्या वर्षभराच्या बिड्यांतून १,२५० रुपये निधीत जमा होत. शिवाय वर्षाला २० लाखांपर्यंत बिड्या बनवणारा लहान उत्पादक उत्पादन शुल्कातून सुटत असे, त्यामुळे अनेक बिड्या कराच्या जाळ्याबाहेरच राहत. त्या बिड्याही कुणीतरी बांधलेल्याच असत.

निधीतून जे मिळायचं त्यात दवाखाना होता, घर बांधायला मदत होती, पहिल्या दोन बाळंतपणांना हजार रुपये होते. सोलापूरला विडी कामगार बायांनी, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली, याच धाग्याला धरून दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. राज्यातली ती मोठीच कामगिरी. पण झाडीपट्टीतल्या घराघरांत जी गोष्ट पोचली ती शिष्यवृत्ती. पहिली ते चौथीच्या मुलाला गणवेश आणि वह्यापुस्तकांसाठी वर्षाला २५० रुपये. पाचवी ते आठवीच्या मुलाला ५००, मुलीला ९४०. नववीला ७०० आणि १,१४०. दहावीला १,४०० आणि १,८४०. अकरावी-बारावीला २,००० आणि २,४४०. पदवीला ३,०००, डॉक्टरकी-इंजिनिअरिंगला ८,०००. हे दर बरीच वर्षं चालले.

या आकड्यांत एक गोष्ट दडली आहे. पाचवीपासून बारावीपर्यंत प्रत्येक पायरीवर मुलीला मुलापेक्षा बरोबर ४४० रुपये जास्त. हे ज्यानं कोणी कोष्टकात बसवलं, त्याला बिडीचं घर माहीत होतं. मुलगा मोठा झाला की हमालीला किंवा गिरणीत जातो. मुलगी मोठी झाली की तिच्या मांडीवर सूप येतं. शाळा सोडण्याचं वय तिच्यासाठी पाचवीनंतरच सुरू होतं. तिला सुपाकडून ओढून घ्यायला थोडे जास्त पैसे लागतात, हे साधं सत्य सरकारी कागदावर उतरलं होतं. अलीकडच्या कोष्टकात रकमा वाढल्या: पहिली ते चौथी १,०००, आठवीपर्यंत १,५००, दहावीपर्यंत २,०००, बारावीपर्यंत ३,०००, पदवीला ६,०००, व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. मुलीचा तो जास्तीचा आकडा मात्र गेला. मला त्याचं वाईट वाटतं.

पात्र कोण? आई किंवा बाप, दोघांपैकी एकानं किमान सहा महिने बिडीचं काम केलेलं हवं. त्याचं ओळखपत्र हवं. घराचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला १०,००० रुपयांच्या आत हवं. मूल मागची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालेलं हवं, नियमित शाळेत किंवा कॉलेजात हवं, दुसरी शिष्यवृत्ती घेत नसावं. अर्जावर मुख्याध्यापकाची सही, मग नागपूरच्या कल्याण आयुक्तांच्या कार्यालयाची छाननी. वाचताना प्रत्येक अट रास्त वाटते. घराच्या उंबऱ्यावरून पाहिलं की तीच अट वेगळी दिसते.

ओळखपत्र द्यायचं कोणी? ज्याच्यासाठी काम करता त्यानं काम करत असल्याचं लिहून द्यावं. पण लिहून दिलं की भविष्यनिर्वाह निधी आला, किमान वेतन आलं, रजा आली. म्हणून मधला ठेकेदार एका बाईच्या नावावर तीन बायांचा माल दाखवायचा. वहीत एक नाव, घरात तीन सुपं. कार्ड एकीला, तिच्या मुलांना शिष्यवृत्ती. शेजारच्या दोघींच्या मुलांना नाही. १९८० च्या दशकात फोटो असलेल्या ओळखपत्राची सक्ती आली, सरकारी यंत्रणेलाही कार्डं देता येऊ लागली आणि देशभरात सुमारे ५० लाख बिडी कामगारांची नोंद झाली. तरीही सुपामागची दुसरी आणि तिसरी बाई बऱ्याच ठिकाणी कागदाबाहेरच राहिली.

पहिल्याच प्रयत्नात पास होण्याची अट तर मला कधीच पटली नाही. संध्याकाळी आईबरोबर बसून बिड्या मुडपणारी मुलगी गणितात राहिली, तर तिला शाळेत टिकवायला पैशाची गरज वाढते की कमी होते? आणि १०,००० ची मर्यादा. मोठा भाऊ तिरोड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागला, बाप राइस मिलमध्ये पोती उचलू लागला, की कागदावर घर श्रीमंत होतं. बिडी बांधणारी आई मात्र तिथेच, भिंतीला टेकून बसलेली.

शाळेचं म्हणाल तर जिल्ह्यात शाळा होत्या, आणि त्यातल्या अनेक बिडीच्याच पैशातून उभ्या राहिल्या होत्या. बिडी व्यवसायातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल स्वतः फारसे शिकलेले नव्हते. त्यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि ज्या भागात हायस्कूलसाठी दुसऱ्या गावी जावं लागे, तिथं हायस्कुलं आणली. १९७० मध्ये ते गेले. त्या कामाचं ऋण गोंदिया मानतो आणि मानायलाही हवं. पण वर्ग बांधणं ही एक गोष्ट आणि त्या वर्गात बिडी बांधणारीची मुलगी येऊन बसणं ही दुसरी. मधल्या अंतरासाठी ते ९४० रुपये होते.

ज्या काळात मनोहरभाई शाळा काढत होते, त्याच काळात दिल्लीत मुलाबाळांच्या घरांना आयकरात सूट देण्याचा प्रयोग चालू होता. तो सुरू केला आपल्याच अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. १९५५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी करमुक्त उत्पन्नाची पहिली पायरी विवाहितांसाठी २,००० आणि अविवाहितांसाठी १,००० अशी वेगळी केली आणि कुटुंबाची जबाबदारी करात धरली. १९५८-५९ पर्यंत तीत मुलं आली: मूल नसेल तर ३,०००, एक असेल तर ३,३००, जास्त असतील तर ३,६०० रुपयांपर्यंत कर नाही. पुढे ही पद्धत गेली. मुलांच्या नावानं उरली ती दोन मुलांच्या शाळेच्या फीवरची वजावट आणि नोकरदारांचा शिक्षण भत्ता, आणि नव्या करप्रणालीत तेही नाही.

या सगळ्याचा गोंदियाच्या बिडी वस्तीला काडीचा उपयोग नव्हता. सूट मिळायला आधी कर बसायला हवा. अमेरिकेनं १९९७ मध्ये आणि ब्रिटननं २००३ मध्ये मुलांमागे कर-सवलत आणली, तेव्हा हीच अडचण त्यांच्याही पुढं होती. ब्रिटननं ती अशी सोडवली की कर लागत नसेल तरी रक्कम घरी येईल. अमेरिकेनं पूर्ण रक्कम गरिबांपर्यंत नेली ती २०२१ या एकाच वर्षी. ब्रिटननं २०१७ मध्ये दोन मुलांची अट घातली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती काढून घेण्याचं जाहीर केलं.  आपल्याकडे कर न भरणाऱ्या आईच्या हातात मुलांसाठी करातला पैसा थेट पोचवणारी वाट मालावरच्या उपकरातून निघाली, बिडीच्या हजारी हिशेबातून.

ती वाट १ जुलै २०१७ ला बंद झाली. वस्तू आणि सेवा कर आला, जुने उपकर गेले, त्यात बिडी कामगार कल्याण उपकरही गेला. बिडीवर २८ टक्के कर बसला, तेंदूपत्त्यावर १८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कर परिषदेनं ते अनुक्रमे १८ आणि ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे, पण त्यातला एकही रुपया आता बिडी कामगाराच्या मुलाच्या नावानं वेगळा निघत नाही. शिष्यवृत्ती चालू आहे, पैसा केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतो. हजारामागे ५ रुपये हा जमा होणारा हक्क होता. अर्थसंकल्पातली तरतूद दरवर्षी मागावी लागते. १९६६ चा कायदाही नव्या श्रम संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

दरम्यान बिडीच कमी झाली. धूम्रपानाबद्दलचे इशारे पाकिटावर आले, तंबाखूनं होणाऱ्या आजारांची जाण वाढली. ही घट व्हायलाच हवी होती. तंबाखूच्या धुळीत जन्म काढलेल्या बायांचे खोकले ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मजुरी स्वस्त मिळते म्हणून मालकांचं बरंच काम बंगालकडे सरकलं. गोंदियात कित्येक केंद्रांवर आता आठवड्यातून दोन-तीन दिवसच पान-तंबाखू मिळते, काही बंदच पडली. नव्या योजनांचे नवे कागद आले. २०२३ पासून लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत. तिथं पात्रता रेशनकार्डाच्या रंगावर, आई काय काम करते यावर नाही.

बिडी कार्डाला मात्र अजून कामच लागतं. सहा महिन्यांचं काम. आता अर्ज ऑनलाइन भरायचा, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. पोरं ते मोबाइलवर किंवा चौकातल्या सेवा केंद्रात बसून करतात. फोटो अपलोड होतो, दाखला होतो, गुणपत्रक होतं. मग कार्ड. आईचं नाव, फोटो, कारखान्याचं नाव. तो कारखाना चालू आहे का, हे विचारायला मुलगी मागे वळते, आणि दारात उभी असलेली आई सांगते की पान येऊन सात महिने झाले.